आईच्या हाताचं दही

"महिन्याभरात निळी झाली!" धाकट्या शर्वरीने तपासपट्टी थोरल्या जावेपुढे नाचवली. "आता मडकं माझ्याकडे हं, जाऊबाई."

मैनावतीचा जीव जळून कोळसा झाला. घरच्या दह्यातले जंतू सुनेच्या आतड्याला चिकटले की पट्टी निळी होई, आणि जिची निळी, तिच्याच हाती सासूबाई विरजणाचं मडकं सोपवणार होत्या. मैनावतीने सहा वर्षं वाटीमागून वाटी रिचवली होती, तरी तिची पट्टी कोरीच. ती तडक डॉक्टर तांबोळीबाईंकडे गेली.

"जंतूच्या अंगावर प्रथिनांचे गळासारखे आकडे असतात," बाईंनी समजावलं. "पेशीवरच्या कड्यात ते अडकले, की जंतूचा मुक्काम पक्का. तुमची कडी रिकामीच नाहीत हो! माहेरच्या दह्यातले जंतू घट्ट धरून बसलेत. ही गोळी घ्या, म्हणजे सुटतील."

मैनावतीची आई जाऊन दहा वर्षं झाली होती.

गोळी मुठीत धरून ती घरी आली आणि तिने सारं शर्वरीला सांगितलं. शर्वरीचं हसू विझलं.

"म्हणजे माझ्या आईचे... महिन्याभरातच सुटून गेले?"

मैनावतीने गोळी चुलीत टाकली, फडताळातलं मडकं उतरवलं आणि आपल्या हाताने शर्वरीपुढे ठेवलं.

शर्वरीने मडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर मैनावतीच्या पोटावर खिळली होती.