वाकळ

लेकीच्या सासरहून, फलटणहून आलेल्या विहीणबाईंपुढं कपबशी ठेवत हौसाबाईंनी सुनेवर तोंड सोडलं. “नोकरी सोडून पोरापायी घरात बसलीया, तरी धुण्याला बाई लावलीया. आमी चार लेकरं सांभाळून गोठासुदीक झाडला.” सून पोराला भरवत होती. मागल्या दारी दोरीवर हौसाबाईंची वाकळ वाळत होती. अलीकडं झोपेत त्यांना लघवी आवरत नसे. सकाळी ओली वाकळ त्या गुपचूप कामवालीच्या हातात कोंबत आणि घरात कुणालाच ठाऊक नाही अशा तोऱ्यात वावरत. “उद्यापासनं काढून टाक तिला,” त्यांनी फर्मावलं. सून उठली, त्यांच्या कानाशी वाकली. “काढते, आत्या. पण तुमची वाकळ मी धुतलेली चालंल? तेवढ्यासाठीच ठेवलीय तिला.” विहीणबाईंनी विचारलं, “काय म्हणती सून?” हौसाबाईंनी मान वर केली नाही. “बाई मीच लावलीया, माज्यासाठी.”