मोखेथीनं नेलेलं कांबळं

"खरं सांगितलं तर तुमच्यातलं कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून गप्प होतो," सेखोबे म्हणाला. गप्प तो जन्मात कधी राहिला नव्हता.

गोल झोपडीच्या मधोमध जोंधळ्याच्या बिअरचं पिंप उघडं पडलं होतं. त्याला गुंडाळलेलं कांबळं गायब. सेखोबेच्या पुतणीनं, लिनेओनं, पिंपातली काचेची नळी ओढून काढली, पुसली आणि दारातल्या उजेडात धरली. पारा खालच्या लाल रेघेच्याही कितीतरी खाली उतरला होता. बाहेर अंगणात पाणी गोठलेलं. पिंपात एक बुडबुडा नव्हता.

"काका, मी काय सांगून झोपले होते? पारा या दोन रेघांच्या मधे राहू दे. खाली आला तर कांबळं आवळा, पिंप शेकोटीकडे सरकवा. एवढंच काम होतं. चष्म्याशिवाय दिसाव्यात म्हणून नेलपॉलिशनं काढल्या मी रेघा."

"दिसल्या की. फार सुरेख दिसत होत्या. पारा मधोमध बसला होता, खुडूक कोंबडीसारखा."

"मग?"

सेखोबे शेकोटीकडे पाठ करून बसला होता. कांबळं गळ्याशी पिनेनं घट्ट आवळलेलं. मोठी बाई आत आली तरी तो उठला नव्हता. मोठी बाई म्हणजे त्याचीच बहीण मोसेले. पण आज तिच्या शब्दावर सगळं होतं. धाकटा भाऊ मोखेथी जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याच्या बायकोच्या, मालिनेओच्या अंगावरचं दुखवट्याचं काळं आज उतरायचं होतं. मेंढा दाराशी बांधलेला. निळा नवा झगा खाटेवर घडी करून ठेवलेला. पाहुण्यांचे घोडे खिंड चढत होते. आधी मोखेथीच्या नावानं फसफसती बिअर जमिनीवर ओतायची, मगच काळं काढायचं.

"मग मोखेथी आला," सेखोबे म्हणाला. "घोड्यावरून."

"कुठल्या घोड्यावरून?" मोसेलेनं विचारलं.

"त्याचाच तो, पांढऱ्या पायाचा."

"तो तर मोखेथीच्या आधी मेला."

"म्हणूनच तर बरोबर आला. जिवंत असता तर आला असता का?"

लिनेओनं कपाळाला हात लावला. "काका, देवाशपथ, पाहुणे खिंडीत आहेत."

"मध्येच बोलू नकोस. तर तो आला, पिंपाचं कांबळं सोडलं, म्हणाला, दादा, वर फार गारठा आहे. अंगावर घेतलं आणि घोड्याला टाच मारली. पारा बिचारा भेदरून नळीच्या तळाशी जाऊन बसला. त्याला मी काय करू?"

कोणी हसलं नाही. मोसेलेनं खाटेवरच्या निळ्या झग्याकडे पाहिलं.

"मेलेल्याला थंडी वाजते, म्हणजे आपल्या हातून काही राहिलंय," ती म्हणाली. "त्यानं पिंप थांबवलं. त्याची मर्जी नाही. काळं राहू दे. पुढच्या हिवाळ्यात बघू."

सेखोबेचा चेहरा उतरला. "अगं, मर्जीबिर्जीचं तो काही बोलला नाही. चांगला हसत होता."

"थंडीनं कुडकुडत होता ना?"

"कुडकुडत होता. पण हसत हसत."

"काका, पुरे करा हो," लिनेओ म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मालिनेओ इतका वेळ भिंतीशी बसून होती. तिनं झग्याकडे पाहिलं नाही. ती दिराच्या कपाळाकडे बघत होती. तोंडातून वाफ निघेल अशा त्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

ती उठली. लेकीच्या हातातून नळी घेतली.

"भावजी, हलू नका."

"आता माझा ताप कशाला बघतेस?"

तिनं त्याच्या गळ्याशी कांबळ्याच्या घडीत नळी खोल खुपसली आणि उभी राहिली. बाहेर कोणाचा तरी घोडा खिंकाळला.

मालिनेओनं नळी काढून मोसेलेच्या डोळ्यांसमोर धरली. पारा दोन्ही लाल रेघांच्या बरोब्बर मधे उभा होता.

"वन्सं, लिनेओच्या बाबांनी मला काही अडवलेलं नाही," ती म्हणाली. मग दिराकडे वळली. "भावजी, आतलं कांबळं काढा. पिंपाला थंडी वाजतेय."