डोळे रंगवायचा ब्रश

झुंबरलालजींनी टेबलावरचा सगळ्यात बारीक ब्रश उचलला, पाण्यात बुडवला, रुमालाने टिपला आणि त्याचं टोक अंगठ्यावर फिरवलं. एकदा सुलटं, एकदा उलटं. त्यांचा मुलगा अभिनंदन हातातलं काम थांबवून त्या अंगठ्याकडे बघायला लागला.

त्या अंगठ्याने खांडबाऱ्याच्या पेठेत साठ वर्षं कापड पारखलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी अंगठा शाबूत होता. सूत, रेशीम, लोकर, नायलॉन, त्याच्यापुढे काही म्हणता काही लपत नसे. आणि हा ब्रश होता मुंगसासारख्या कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. घरात हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं अभिनंदन समजून होता.

टेबलावर बोटाच्या पेराएवढे चाळीस शिपाई उभे होते, वीस निळे, वीस हिरवे. फासे टाकून खेळायच्या लढाईचा खोका मुंबईहून आला तेव्हापासून, दुपारी दुकान मिटलं की अभिनंदन आणि त्याची मुलगी माडीवर ते रंगवत बसत. ज्या जैन घरात भाजीसुद्धा कापत नाहीत, 'सुधारतात', त्या घरात लढाई शिरली खरी, पण सोवळ्यात. तलवारीला लाल रंग लावायचा नाही, आणि पडलेला शिपाई मरत नाही, विसाव्याला जातो. हे नियम अकरा वर्षांच्या मुस्कानचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "पप्पा, ब्रश केसांचे नाहीत ना?"

तेव्हाचे नव्हतेच. पण आठवड्याभरात नायलॉनचं टोक वाकडं झालं, शिपायांचे डोळे गालांवर उतरायला लागले आणि पोरगी रडकुंडीला आली. मग बापाने हा एक गुपचूप मागवला आणि "हाही नायलॉनचाच" म्हणून मोकळा झाला. तिचा खुललेला चेहरा बघून ते खोटं त्याला खोटंही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

"अभिनंदन, हाऊ कसाना शे?" म्हाताऱ्याने विचारलं. घर मारवाडी, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांच्या जिभेवर अहिराणीच बसली होती.

"नायलॉनना शे, बाबूजी."

"मन्हा आंगठाले तं केस लागी ऱ्हायना." त्यांनी ब्रश नाकाशी धरला. "काडेपेटी लई ये."

ही दुकानातली जुनी परीक्षा. धागा जाळायचा. नायलॉन असला तर वितळून त्याची कडक गोळी होते. लोकर नाहीतर केस असला तर जळका वास सुटतो आणि राख बोटांत चुरते. अभिनंदनने देवघरातून काडेपेटी आणून वडिलांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. आगीतही जीव असतात, म्हणून स्वतः काडी ओढायची नाही, असा नियम त्यांनी गेल्या चातुर्मासात घेतला होता. मुलाने ओढली तर चालत होती. नियमाला तेवढी फट त्यांनी ठेवली होती.

"तूच पेटाड. मी वास लेस."

अभिनंदनने काडी काढली. बापाच्या बोलण्याचं त्याला काही नव्हतं, चाळिशी उलटली तरी बोलणी रोज खावी लागत होती. पण आता वास सुटणार, आणि समोर बसलेल्या पोरीला कळणार की पप्पा आपल्याशी खोटं बोलले आणि कुणा मुक्या जिवाच्या केसांनी आपल्याकडून शिपायांचे डोळे रंगवून घेतले. मग ती या टेबलाशी पुन्हा बसायची नाही. कदाचित त्याच्याशेजारीही नाही. मुस्कान खाली मान घालून एका हिरव्या शिपायाचा पट्टा रंगवत होती. तिच्या हातात आजही तो जुना वाकडा ब्रशच होता. नवा ती जपून वापरते, असं अभिनंदनला वाटायचं.

पहिली काडी मोडली. त्याने दुसरी काढली.

"दादाजी, मी जाळून बघितलाय," मुस्कान म्हणाली. "रविवारी. एकच तंतू."

म्हातारा तिच्याकडे वळला. "मंग?"

"गोळी झाली. कडक."

झुंबरलालजींनी टोकावरून पुन्हा अंगठा फिरवला. अंगठा एक सांगत होता, नात दुसरंच.

"मंग मन्हा आंगठाच म्हतारा व्हयना," ते अखेर म्हणाले. "आपली पोर खोटं बोलाव नही. उगाच आग कसाले?"

त्यांनी मुलाच्या हातातून काडेपेटी काढून घेतली, ब्रश जागेवर ठेवला, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काठी टेकत ते जिन्याकडे निघाले. जाता जाता त्यांनी खुर्चीवरच्या चादरीचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला.

अभिनंदन मुलीकडे बघत राहिला. केसाची गोळी होत नाही, कधीच नाही.

"मुस्कान, खरंच गोळी झाली?"

"राख झाली." तिने ब्रश खाली ठेवला. "वास पण आला. मी खिडकी उघडून ठेवली होती."

"मग मला का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." तिने जिन्याकडे पाहिलं. "आता मी पण खोटं बोलले. आणि दादाजींना वाटतंय, त्यांचा अंगठा गेला."

अभिनंदन ब्रश उचलून उभा राहिला. जिन्यावर काठी एकेका पायरीवर थांबत खाली चालली होती. अजून चार पायऱ्या राहिल्या होत्या.