आईच्या शेजारची मोकळी जागा

तार्चिझिओने फोनवर बोटाने गोल काढला आणि आईच्या शेजारी उभा असलेला माणूस नाहीसा झाला. त्याच्या जागी मागची भिंत आली, वेलीसकट. फोनने पदरची दोन पानंही जोडली.

“शोभतं का हे?” पाठीमागून बहीण ओर्नेला म्हणाली. “पोटचं पोर असं पुसतात का कुणी?”

“रविवारी आई ऐंशीची होतेय. या डिजिटल फ्रेममध्ये तिने हा चेहरा रोज बघायचा? बाबांच्या शेजारी?”

“तिने कधी तक्रार केलीय?”

“तेच तर.”

बाबांच्या अपघाताबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. लग्नाहून परतताना दारू प्यायलेला मुलगा गाडी चालवायला बसला आणि बाबा वाटेतच गेले. मुलाला साधं खरचटलंही नाही. आई रागावली नाही, तिने जाबही विचारला नाही. लाज मात्र घरात मुक्कामाला आली, आणि तार्चिझिओला ती सगळ्यांत जास्त टोचे.

“दुइलिओला कळलं तर?” ओर्नेलाने विचारलं. दुइलिओ धाकटा, तोरिनोला राहणारा. अपघातानंतर त्याचं रोमला येणं कमीच झालं होतं.

“त्याला सांगू नकोस.”

“घर डोक्यावर घेईल तो.”

“घेऊ दे.” त्याने पुढचा फोटो उघडला. बाप्तिस्म्यापासून बाबांच्या शेवटच्या नाताळापर्यंत एकही सोडायचा नव्हता.

“कर काय करायचं ते,” ओर्नेला म्हणाली. “मी यात नाही.”

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा ट्रामने कामावर गेला. पर्यटकांना जुनं रोम दाखवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. वेलाब्रोतल्या छोट्या कमानीखाली त्याने सगळ्यांना थांबवलं. आत दगडात कोरलेला सम्राट आहे, शेजारी सम्राज्ञी आहे, आणि तिच्या बाजूला नुसता खरवडलेला दगड.

“इथे धाकटा मुलगा होता, गेता,” तो म्हणाला. “थोरल्याने त्याला आईच्या कुशीतच मारवलं. मग राज्यभर त्याचे चेहरे छिन्नीने खरवडून काढले. आईला रडायलाही बंदी होती.”

एरवी इथे तो छिन्नीवाल्यांच्या पगारावर एक विनोद करायचा. आज केला नाही.

“मग लोक विसरले त्याला?” एका बाईने विचारलं.

“नाही. मोकळी जागा दिसली की सगळे आधी तिथलंच नाव विचारतात.”

हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. आज बोलून झाल्यावर त्याला मान खाली घालावीशी वाटली.

रविवारी ओर्नेलाने कोकरू भाजलं. दुइलिओ मिठाईचा खोका घेऊन आला आणि त्याने आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

“पोट बघ किती सुटलंय,” आई म्हणाली. “बायको जेवायला घालते की भरते तुला?”

सगळे हसले. ओर्नेला वाइन ओतत आली तेव्हा तार्चिझिओने ग्लासावर हात ठेवला. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता जेवले.

मग आईच्या मांडीवर फ्रेम आली. पडदा तिच्याकडे होता. फोटो एकामागून एक सरकू लागले. आधी ती हसली. मग वाकून बघू लागली. दुइलिओ तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“हे तू केलंस?” त्याने तार्चिझिओला विचारलं.

“हो.”

“आईच्या वाढदिवसाला?”

“म्हणूनच केलं.”

“लाज वाटत नाही तुला?”

“वाटते,” तार्चिझिओ म्हणाला.

आईने हाताने दुइलिओला गप्प केलं. चष्मा पुसला, फ्रेम डोळ्यांजवळ नेली. ओस्तियाच्या किनाऱ्यावरचा फोटो होता. फोनने माणूस पुसला होता, पण आईच्या खांद्यावर ठेवलेला त्याचा हात तसाच राहिला होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

“हा हात तुझा आहे, तार्चिझिओ,” आई म्हणाली. “बाकीचा तू कुठे आहेस?”