हाकेचा दिवा

“खटका पायजे,” कल्लाप्पा म्हणाला. “बोटानं दाबला की खट्ट वाजाय पायजे. बाकी कायबी दावू नकोस.”

टिळकवाडीतल्या त्या दुकानात भिंतभर स्विच लावलेले. काचेचे, बोट टेकवलं की उजळणारे, मोबाइलवर चालणारे. दुकानदार सौरव अर्धा तास एकेक दाखवत होता. रविवारी कल्लाप्पाचा लेक प्रज्ञेश नव्या बंगल्यात राहायला जाणार होता. सगळ्या खोल्यांचं ठरलं होतं, बापाच्या खोलीचं तेवढं अडलं होतं. बाप अठ्ठ्याहत्तरचा. महिन्यापूर्वी निपाणीच्या खोलीत अंधारात खटका चाचपडताना पडला. डावा हात अजून प्लास्टरमध्ये.

“खटक्यापायीच हात मोडलाय तुमचा,” प्रज्ञेश दात आवळून म्हणाला. “हाकेचा दिवा घ्यायचा. अंथरुणातून उठायचंच नाही. नुसती हाक मारायची, लागला.”

“हाक मारायची न्हाय.”

“का?”

“न्हाय म्हनलं न्हवं? हाका मारायचं घर आसंल तर मी निपाणीतच मरतो. तू बस तुझ्या बंगल्यात वरडत.”

“तिथं बघणारं कोण आहे तुम्हाला? परत पडलात तर चार दिवस कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“न्हाय लागला तर न्हाय.”

प्रज्ञेश कॉलेजात प्राध्यापक. चार माणसांत आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. आज चढला होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

सौरवला विकायचं होतं. विकणाऱ्याला म्हाताऱ्याच्या ‘न्हाय’चं काय पडलंय! तो हसत पुढं आला. “आजोबा, एकदा बघा तरी. हाक मारली की हजर. उलट उत्तर नाही, जेवण नाही, पगार नाही. असा गडी शोधून मिळायचा नाही तुम्हाला.”

“मिळायचे,” कल्लाप्पा म्हणाला. “लई मिळायचे.”

सौरवला ते कळलं नाही. हाकेचा शब्द आपला आपण ठरवायचा असतो, दुकानात आम्ही असा ठेवलाय, असं सांगत त्यानं छताकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात ओरडला.

“बत्ती!”

दिवा लागला. पण त्याच्या आधी कल्लाप्पा उठला. खुर्चीतून ताडकन उभा. मान ताठ, उजवा हात डोक्यावर. वरचं काहीतरी पडू नये म्हणून धरल्यासारखा.

सौरव खो खो हसला. “आजोबा, तुम्हाला नाही, दिव्याला!” गिऱ्हाइकंही हसली.

“बसा आप्पा,” प्रज्ञेश लालबुंद झाला. “काय तमाशा लावलाय?”

कल्लाप्पानं हात खाली घेतला. तो लेकाकडं बघत नव्हता. भिंतीवरच्या काचेकडं बघत होता.

“माजंच नाव हुतं ते. वरातीत गॅसबत्ती डोस्क्यावर घिऊन चालायचो. बत्ती, फुडं हो. बत्ती, हिकडं मर. वीस वरसं. कल्लाप्पा म्हनून एकानं हाक मारली न्हाय. नवरदेवाच्या तोंडावर उजेड आनि माझ्या मानंवर रॉकेल.”

“तुम्ही तर तंबाखूच्या वखारीत होता.”

“दिवसा वखार. लग्नसराईत रातीला बत्ती. तू शाळंत जात हुतास. तुला कशाला सांगू?”

हसणं थांबलं. सौरवनं घसा साफ केला. गप्प बसावं, एवढी अक्कल त्याला नव्हती. “जाऊ द्या हो. जुन्या गोष्टी. आमच्या आजोबांच्या वरातीत पण असायचे की बत्तीवाले. कुणी मनाला लावून घेत नव्हतं.”

“आसतील. त्यातला येक मीबी आसंन. तुझ्या आज्याला कसं कळंल? बत्तीखालचं तोंड दिसत न्हाय.”

प्रज्ञेशनं टेबलावरचं माहितीपत्रक सौरवकडं भिरकावलं. “बंद करा ते यंत्र. साधे खटके काढा. त्यांच्या एकट्याच्या खोलीत नव्हे, सगळ्या घराला.”

“थांब रं,” कल्लाप्पा म्हणाला.

तो मागं सरकून खुर्चीत बसला. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरला.

“आता मार हाक.”

“कशाला, आजोबा?”

“मार म्हनतोय न्हवं?”

सौरवनं मोबाइलवर दिवा विझवला. मग अवघडून, हळूच म्हणाला, “बत्ती.” दिवा लागला नाही.

“तशी न्हाय. तुझ्या आज्यानं मारली आसंल तशी मार.”

सौरवनं प्रज्ञेशकडं पाहिलं. प्रज्ञेश भिंतीकडं तोंड करून उभा होता. सौरव ओरडला. दिवा लागला. कल्लाप्पा खुर्चीतून चार बोटं उठला आणि धपकन बसला. कपाळावर घाम आला.

“इझीव. परत.”

“बत्ती!”

गुडघे हलले. खुर्ची करकरली. डोक्याकडं निघालेला हात त्यानं अर्ध्यातूनच ओढून दांड्यावर आपटला.

“परत.”

“बत्ती!”

दिवा लागला. कल्लाप्पा बसून राहिला.

त्यानं वर दिव्याकडं एकदा पाहिलं, मग लेकाकडं.

“खटका नगं, प्रज्ञेश. माझ्या खोलीत ह्योच बसव, आनि शब्दबी त्योच ठेव,” तो म्हणाला. “रोज हाक मारीन. बसून ऱ्हायची सवय कराय पायजे.”