पहिल्या नंबरचा चाहता

फुटबॉलचा नवा संघ मिरजेला द्यायचा की सांगलीला, हे ठरवायला दोन्ही गावांतल्या लोकांच्या मनगटांवर काळजाचे ठोके मोजणारे पट्टे बांधून आठवडा झाला होता. ज्या गावाच्या नावाने जास्त काळजं धडधडतील, त्या गावाला संघ. काळजाला खोटं बोलता येत नाही, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं.

मिरजेचे आदगोंडा मगदूम सकाळ-संध्याकाळ "मिरज, मिरज" म्हणत बसायचे, तरी पट्टा ढिम्म. मग सांगलीहून त्यांचे साडू भूपाल यांचा फोन यायचा, "काय मगदूम, आमच्या सांगलीच्या मैदानात तुम्हाला जागा धरून ठेवू का?" की आदगोंडांचं काळीज असं उसळायचं, की फळीवरचे डबे वाजायचे.

रविवारी निकाल लागला. सांगली जिंकली, आणि तीही मिरजकरांच्या ठोक्यांवर. यंत्राला प्रेम आणि जळफळाट यांतला फरक कुणी शिकवलाच नव्हता.

सोमवारी पाकीट आलं. त्यांच्या पत्नी पद्माबाईंनी वाचलं, "अहो, सांगलीचे पहिल्या नंबरचे चाहते तुम्हीच! जन्मभराचा पास आलाय."

"फाडून टाक तो!"

"फाडते. भूपालभावजींना मात्र मिळाला नाही म्हणे."

आदगोंडांनी पास हिसकावून घेतला. "पहिला सामना कधी आहे?"