पाणबुड्याच्या दोन टाक्या

“आबा, श्वास कुठून घेऊ? तुम्ही तर नळीचं तोंडच बंद केलंत!”

विहिरीच्या पायरीवर हंबीररावांनी नातीचे ऐकून हातातल्या नळीकडे पाहिले. ठिबकची काळी नळी, दोन हात लांब. तिचे मोकळे टोक त्यांनी दुमडून त्यावर प्लॅस्टिकची कडी चढवली होती. उसाच्या सरीत नळी अंथरली की शेवटचे टोक असेच बंद करावे लागते, नाहीतर सगळे पाणी तिथूनच निघून जाते. वीस वर्षांत हात हे काम न विचारता करू लागले होते.

“मोकळं टोक बघवत न्हाई मला,” ते म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

“आबा, त्यो पाणबुड्या हाय, उसाची सरी न्हवं,” शिवतेज म्हणाला. तो त्यांचा नातू, बारा वर्षांचा. दोनदा पोहून आता पायरीवर निथळत बसला होता. “आन् पाणबुड्या तरी कसला? बेडकी हाय. बेडकी तरी उडी मारती.”

बेडकी म्हणजे सृष्टी, हंबीररावांची नात. ती नऊ वर्षांची होती आणि सुट्टीसाठी साताऱ्याहून कडेगावला आली होती. आठ दिवस ती रोज विहिरीत उतरत होती आणि रोज सातव्या पायरीवर थांबत होती. आठवी पायरी पाण्याखाली होती.

उद्या सकाळी विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसणार होती. हा निर्णय सृष्टीच्या वडिलांचा, वीरधवलचा होता आणि त्याच्या युक्तिवादात हंबीररावांना खोट काढता आली नव्हती. पाणी आता मोटारीने वर येते, आत उतरण्याचे कारण उरलेले नाही, आणि उघड्या विहिरीत मूल पडण्याची शक्यता शून्य नसते. घरातले प्रत्येक मूल याच विहिरीत पोहायला शिकले, हा काही पुरावा नव्हता. ती सवय होती. मुलांना जाळीचे कोणी सांगितलेले नव्हते.

पोशाख सृष्टीने दोन दिवस खपून स्वतः केला होता. पाठीवरच्या टाक्या म्हणून शीतपेयाच्या दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या, त्यांवर चंदेरी डक्ट टेपचे वेढे. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाचा चष्मा. टोपणाचा दाबमापक, त्यावर स्केचपेनने काढलेला काटा. काटा ‘भरपूर’ या शब्दावर स्थिर होता. पोशाख अंगावर असला की पाण्यात जाता येईल, असे तिचे म्हणणे होते.

हंबीररावांनी बाटल्या एकेक करून कानाशी धरून दाबल्या. हवा सुटत नव्हती. बुडालेली दोन लिटरची बाटली दोन किलो भार पेलते, दोन बाटल्या चार किलो. पाण्यातल्या मुलाला वर राखायला दीड-दोन किलो पुरतात. पोशाखाबद्दलचे तिचे म्हणणे बरोबर होते. कारण तेवढे वेगळे होते.

“पवायला शिकताना मला भोपळा बांधला हुता,” ते म्हणाले. “वाळका. माझ्या थोरल्या बहिणीनं, मनुबाईनं.”

“तुम्ही घाबरलात?”

“भोपळ्याला मिठी मारून रडायचं हुतं. पर त्यो पाठीवर. मिठी बसंना.”

सृष्टी हसली. त्यांनी टेपच्या पट्ट्यांखालून बैलाचा कासरा ओवला, तिच्या छातीभोवती फिरवला आणि प्रत्येक बाटलीला वेगळी गाठ मारली.

“टेप घट्ट आहे, आबा.”

“आसंल. चिकटपट्टीच्या भरवशावर माणूस पाण्यात सोडत न्हाईत.”

ते स्वतः आठव्या पायरीवर, मग नवव्या पायरीवर उतरले. पाणी कमरेपर्यंत आले. कासऱ्याचे टोक त्यांच्या मुठीत होते. सृष्टी सातव्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मग डोळे मिटून पुढे झाली.

“आबा, सोडू नका!”

“मी धरलंय कुठं? बाटल्यांनी धरलंय.”

तिने डोळे उघडले. हंबीररावांचे दोन्ही हात पाण्याबाहेर होते. ती तरंगत होती.

त्यानंतरचा अर्धा तास तिने पाय आपटण्यात घालवला. शिवतेज बुडी मारून तळाची काळी माती मुठीत घेऊन वर आला. सृष्टीनेही तोंड पाण्यात घातले. पाय हवेत गेले, बाटल्यांनी तिला उलटी करून परत वर आणले. तीन वेळा असेच झाले. खऱ्या पाणबुड्याच्या कमरेला खाली जाण्यासाठी शिसे असते, हे तिला ठाऊक नव्हते.

“आबा, या टाक्या मला खाली जाऊ देत नाहीत!”

“मग?”

“एक सोडा.”

“भ्या न्हाई वाटत?”

“वाटतं. म्हणून एकच.”

शिवतेज हसला नाही. हंबीररावांनी डावीकडची गाठ सोडली, टेप नखाने उचकटली. सुटी बाटली पाण्यावर फिरत भिंतीकडे गेली. सृष्टीने श्वास भरला आणि डोके खाली घातले. या वेळी ती हातभर खाली गेली, क्षणभर तिथेच राहिली आणि खोकत, नाकातोंडातून पाणी काढत वर आली. तळ अजून दोन पुरुष उंचीइतका खाली होता.

“दिसला!” ती ओरडली. “थोडासा दिसला. दुसरी उद्या सोडू. उद्या माती आणते.”

हंबीररावांनी वर विहिरीच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी तिला कासऱ्याने जवळ ओढले. उरलेल्या बाटलीवरच्या टेपचे टोक सुटून लोंबत होते. त्यांनी ते जागेवर बसवून अंगठ्याने दाबले. ओल्या बाटलीवर ते धरेना.

“आबा, उद्या ना?”

ते अंगठा दाबून उभे राहिले.